आधी थांबायचं ठरवा

बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून माझी बरीच वर्षं गेली. या काळात गाडीसाठी कर्ज मागायला आलेली जी माणसं मी पाहिली, त्यांच्यावर एखादा पोवाडा रचता येईल. कोणाला गाडी पांढरीच हवी असते, कारण साडूची पांढरी आहे. कोणाला ती कशीही चालेल, पण साडूपेक्षा एक वीत लांब हवी असते. एका गृहस्थांनी तर मला गाडीतलं गाण्यांचं यंत्र किती खोल्यांना ऐकू जाईल, हे सांगितलं होतं. पण परमेश्वराची शपथ घेऊन सांगतो, आजवर एकाही अर्जदाराने “साहेब, तिचे ब्रेक फार चांगले आहेत हो!” असं वाक्य उच्चारलेलं नाही.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. मला मोटारीत खातेवही दिसते. इंजिन जो वेग जमेला लावतं, तो ब्रेकने खर्ची टाकायचा असतो. ब्रेक म्हणजे दुसरं काही नाही, वेगाची उष्णता करून ती हवेत सोडून देणारा खजिनदार! आणि या व्यवहारातली मेख अशी, की वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. तीसच्या गतीला जी गाडी दहा पावलांत थांबते, तिला साठच्या गतीला चाळीस पावलं हवीत. पठाणी व्याज म्हणतात ते याहून सौम्य असावं. असं असूनही इतिहासाची पुस्तकं उघडून पाहा. कोणती गाडी किती धावली ते पानोपानी आहे. ती थांबली कशी, हे तळटिपेत.

आता आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या शर्यतीचा छकडा पाहिला आहे का तुम्ही? घरची बैलगाडी म्हणजे कुटुंबवत्सल प्राणी. धान्याची पोती, म्हातारी आत्या, दोन पोरं आणि एक कोंबडी, असं सगळं घेऊन जाणारी. तिच्यातलं वजन काढत काढत शेवटी दोन चाकं, एक आस आणि उभं राहायला बोटभर जागा उरली, की तो शर्यतीचा छकडा. त्याला ब्रेक नसतो. ब्रेक बैलांच्या मर्जीत आणि हाकणाऱ्याच्या दैवात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती थांबवल्या, २०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्रात पुन्हा परवानगी दिली आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे ज्या वाहनाला ब्रेकच नाही, ते थांबवायला आणि पुन्हा सोडायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं!

हा छकडा नीट ध्यानात ठेवा. अमेरिकेत यालाच ‘हॉट रॉड’ म्हणतात. फक्त बैलांच्या जागी आठ सिलिंडर असतात.

पण अमेरिकेला जाण्याआधी आमच्या ठाण्याला वळसा घालणं भाग आहे. मी कोपरीचा. म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरणारा. पश्चिमेच्या लोकांना तलाव, गडकरी रंगायतन आणि अभिमान मिळाला. आमच्या वाट्याला रुळांचा आवाज आला. पण तो आवाज ऐतिहासिक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदरहून निघालेली आशिया खंडातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्याला येऊन थांबली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, एकवीस मैलांचं अंतर. पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. हे सगळं शाळेत पाठ केलं होतं. पण “गाडी ठाण्याला थांबली” या वाक्यातल्या शेवटच्या शब्दावर मास्तरांनी कधी बोट ठेवलं नाही. ती थांबली कशी?

त्या काळच्या गाड्यांना हातब्रेक असत. ड्रायव्हरने शिटी फुंकायची आणि मागे ब्रेकच्या डब्यात बसलेल्या माणसाने चक्र फिरवून लाकडाचा ठोकळा चाकावर दाबायचा. पुढच्याची शिटी मागच्याला ऐकू जाणं, तो जागा असणं आणि त्याच्या दंडात जोर असणं, या तीन योगांवर चारशे पाहुण्यांची सुखरूपता अवलंबून होती. सगळ्या डब्यांना एकदम लागणारा हवेचा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली अमेरिकेत काढला. तो आला म्हणून लगेच सगळ्यांनी घेतला, असं समजू नका. खर्चाची बाब म्हटली की कंपनी बँकेसारखीच वागते. प्रस्ताव ‘विचाराधीन’ राहतो. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीला निघालेली गाडी चढावर अडली. मागचे डबे सोडवून ठेवण्यात आले. हातब्रेकला ते पेलले नाहीत. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि खालून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसं गेली, त्यांत मुलं पुष्कळ. त्यानंतर त्याच वर्षी प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला. वीस वर्षं जो कागद हलत नव्हता, तो अडीच महिन्यांत हलला.

रस्त्यावरच्या मोटारीने हीच शाळा पुन्हा पहिलीपासून गिरवली. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली आणि १९२७पर्यंत दीड कोटींवर खपली. तिचा पायाखालचा ब्रेक चाकांवर लागतच नसे, तो गिअरच्या डब्यातल्या पट्ट्यावर लागे. हाताने ओढायचा ब्रेक मागच्या दोन चाकांना. पुढची दोन चाकं संपूर्ण स्वतंत्र बाण्याची! वास्तविक गाडी थांबताना तिचं सगळं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढच्या चाकांनाच करावं लागतं. बसमधला उभा उतारू ड्रायव्हरच्या दिशेने का जातो, हे ज्याला कळतं त्याला हे कळायला हरकत नाही. पण फोर्डच्या पुढच्या चाकांना ब्रेक मिळाला तो १९२८च्या मॉडेल एमध्ये. तोही लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक ड्यूझेनबर्गने १९२१ साली आणि क्रायस्लरने १९२४ साली दिले होते. हेन्रीबाबांचा मात्र तेलापेक्षा पोलादावर विश्वास. त्यांनी १९३२ साली सामान्य माणसाला परवडणारं आठ सिलिंडरचं, पासष्ट अश्वशक्तीचं इंजिन दिलं; मॉडेल टीच्या तिप्पट ताकदीचं. आणि तेलाचे ब्रेक दिले १९३९च्या गाड्यांपासून. घोडे आधी आले. लगाम यायला सात वर्षं लागली.

या सात वर्षांच्या फटीतच हॉट रॉडचा जन्म झाला, म्हटलं तरी चालेल. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या कवडीमोलाने घ्यायच्या, मडगार्ड काढून टाकायचे, बॉनेट काढून टाकायचं आणि म्यूरॉकसारख्या आटलेल्या तळ्याच्या सपाट पात्रावर नेऊन भन्नाट पळवायच्या. १९३७ साली त्यांनी रीतसर संघटनाही काढली. महायुद्धातून परतलेल्या जवानांनी तर या वेडाचा उद्योगच केला. वेगासाठी काय काय केलं ते जगाला माहीत आहे. मला कौतुक वाटतं ते त्यांच्या दुसऱ्या शोधाचं. १९३९ ते १९४८च्या फोर्डचे तेलाचे ब्रेक थोड्या खटपटीने १९३२च्या अ‍ॅक्सलवर बसतात, हे त्यांनी हुडकून काढलं. भंगारात जाऊन, अंगाला ग्रीस फासून. जी गोष्ट कारखान्याने सात वर्षं दिली नाही ती गल्लीतल्या पोरांनी स्वतःच्या हातांनी बसवून घेतली. ज्यांनी नाही बसवली, त्यांच्याविषयी फारसं लिहिलं गेलेलं नाही. लिहायला ते स्वतः उरले नसावेत.

हे पुराण मला कळायचं कारण आमचा मेव्हणा. त्याने एका लिलावातून साठीच्या दशकातली एक विलीज जीप उचलली. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७पासून मुंबईत या जिपा जोडायला सुरुवात केली होती. हिचं वय पन्नाशीच्या पुढे, म्हणजे माझ्याहूनही थोरली. कोपरीतल्या एका गॅरेजच्या दारात ती उभी राहिली तेव्हा शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहून आपापले गुडघे चोळले.

मेव्हण्याच्या फोनमध्ये एका अमेरिकन हॉट रॉडचं चित्र होतं. पुढून नाक खाली घातलेली, मागे भलीमोठी चाकं. म्हणाला, “भावोजी, हिची आपण अशी करायची. पुढचा अ‍ॅक्सल खाली, जाळीदार चाकं आणि मागे हे एवढाले टायर!”

“आणि ब्रेक?” मी विचारलं.

“ते काय, असतातच की!”

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. हे मिस्त्री म्हणजे मोटारीतले घरंदाज वैद्य. गाडीला हात लावण्याआधी ते तिची कुळकथा विचारतात. त्यांनी ते चित्र दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि विचारलं, “शेठ, हिला थांबायचंय कुठं?”

मेव्हणा गप्प. मग मिस्त्रींनी एका पालथ्या डब्यावर बसून जे व्याख्यान दिलं, ते मी माझ्या भाषेत उतरवून देतो.

पहिला प्रश्न पुढच्या अ‍ॅक्सलचा. त्या फोर्डचा पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे एक साधी पोलादी तुळई. तिला फक्त गाडी तोलायची आणि चाकं वळवायची. तिच्यावर एकच कमानपाटा आडवा टाकलेला. अमेरिकन पोरं या तुळईची टोकं तापवून, ओढून अशी वाकवत की मधला भाग दोन-तीन इंच खाली जाई आणि गाडी तेवढी बसकी होई. पण ओढलेली धातू बारीक होते, हे पोळी लाटणाऱ्या कोणालाही सांगायला नको. शिवाय अ‍ॅक्सल खाली गेला की स्टिअरिंगच्या दांड्याही खाली आणाव्या लागतात, नाहीतर त्या भलतीकडे घासतात. एक केलं की दुसरं आलंच. आणि जिपेचा पुढचा अ‍ॅक्सल तर जातीनेच निराळा. तिची चारही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलच्या पोटातही दातेरी चक्रांचा गोळा आहे. तो तापवून ओढायला गेलात तर हातात फक्त गोळा राहील. तुळईचाच अ‍ॅक्सल हवा तर पुढच्या चाकांची ताकद सोडा, कमानी बदला, स्टिअरिंग बदला. “मग जीप कशाला घेतली? बाकडं घ्यायचं!” इति मिस्त्री.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. जिपेला मुळात चारही चाकांना तेलाचे ब्रेक आहेत. नऊ इंची ड्रम. या बाबतीत ती १९३२च्या फोर्डपेक्षा सुधारलेली. पण जुन्या जिपेत चारही चाकांना तेल पुरवणारा सिलिंडर एकच. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम राजीनामा देतात. बँकेत आम्ही याला सगळी रक्कम एकाच जामीनदाराच्या भरवशावर देणं म्हणतो. पुढे मोटारीत पुढचे आणि मागचे ब्रेक असे दोन स्वतंत्र हिस्से झाले. एक गेला तरी दुसरा राहतो. ज्यांना जीप पळवायची असते, ते नऊच्या जागी अकरा इंची ड्रम बसवतात किंवा डिस्क लावतात. काय लावायचं हे आधी ठरलं पाहिजे, कारण त्यावर तिसरा प्रश्न अवलंबून.

तिसरा प्रश्न चाकांचा. म्हणजे मेव्हण्याच्या मते पहिला. इथे मिस्त्रींनी एक मजा सांगितली. १९३२च्या त्या फोर्डचं चाक पाच नटांवर बसतं आणि त्या पाच नटांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं. विलीज जिपेचंही अगदी तेच! महायुद्धात खुद्द फोर्डनेही विलीजच्या नमुन्यावर जिपा बनवल्या होत्या. म्हणजे कॅलिफोर्नियातला हॉट रॉड आणि कोपरीतली आमची जीप यांची पत्रिका निदान पाच नटांपुरती जुळत होती. मेव्हणा खुलला. पण पत्रिका जुळली म्हणून संसार होतोच असं नाही. चाकाच्या आत ब्रेकचा ड्रम मावला पाहिजे. आधी हौसेने चाकं घेतली आणि मग मोठे ब्रेक आणले, तर दोघं एका घरात राहत नाहीत. आणि टायर मोठे केले तर काय होतं? जिपेचा मूळ टायर साधारण अठ्ठावीस इंच उंच. तेहतीस इंची घातलात तर तेच ब्रेक, तोच पाय, पण रस्त्यावर मिळणारी पकड पंधरा टक्क्यांनी कमी. लांब दांड्याची चक्की हाताने थांबवून पाहा. हे टक्के मी तिथल्या तिथे खडूने गॅरेजच्या भिंतीवर करून पाहिले. बरोबर आले.

“म्हणून आधी अ‍ॅक्सल, मग ब्रेक आणि सगळ्यात शेवटी चाकं,” मिस्त्री म्हणाले. “लोक उलटं करतात. चाकं दिसतात ना!”

मुंबईच्या लोकांना हे कळायला खरं म्हणजे अमेरिकेला जायचं कारण नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट, पुढे पद्मिनी नावाने टॅक्सी होऊन आपल्याला दोन पिढ्या घेऊन फिरली. तिच्या ड्रमच्या ब्रेकला पायाने दोन-तीन पंप मारून मग थांबायला सांगण्याची एक अदब होती. जुना टॅक्सीवाला सिग्नल दिसला की चाळीस पावलं आधीच पाय उचलायचा. २०२३च्या ऑक्टोबरात त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या आणि ती पाय उचलण्याची कलाही त्यांच्याबरोबर गेली. कोपरीचा पूल अरुंद होता तेव्हा आमच्याकडेही वेगाचा प्रश्न आपोआप सुटत असे. द्रुतगती मार्गावरून उधळत आलेली मुंबईची गाडी पुलाशी आली की नम्र होई. आता पूल रुंद झाला आहे. आता ज्याच्या त्याच्या ब्रेकवर सोडलेलं आहे.

एवढं होऊनही मेव्हण्याचा धीर सुटला नव्हता. तो सोडवला कायद्याने. आपल्याकडच्या मोटार कायद्याचं बावन्नावं कलम सांगतं, की नोंदणीच्या वेळी गाडी जशी होती तिच्यात मनमानी फेरफार करायचा नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. मग २०२१च्या जुलैत जुन्या गाड्यांसाठी नवे नियम निघाले. पन्नास वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल, तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल, तर वीस हजार रुपये भरून तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. दहा वर्षांनी नूतनीकरण, पाच हजार. म्हणजे अमेरिकेत जुनी गाडी बदलली की तिची किंमत वाढते. आपल्याकडे बदलली की तिची जात जाते. एकाच गाडीने व्हिंटेजही व्हायचं आणि हॉट रॉडही व्हायचं, हे आपल्याकडे सोवळ्यात राहून मटण खाण्यासारखं आहे.

शेवटी जी यादी झाली, ती मी माझ्या अक्षरात कार्बन घालून लिहून काढली. सवय जात नाही. पुढचा अ‍ॅक्सल आहे तोच, फक्त किंगपिन नवे आणि चाकांची सरळ रेष तपासून. ड्रम नऊ इंचीच, पण चारही खरवडून गोल केलेले. लायनर नवे, चाकांचे सिलिंडर नवे, तेलाच्या नळ्या इथून तिथवर नव्या. सोळा इंची मूळ चाकं, मूळ मापाचे टायर. खाली मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: ‘चाळीसच्या वर नेऊ नये.’ एक सिलिंडर आहे तोवर तेवढंच, असं त्यांचं म्हणणं. थांबता येईल तेवढंच पळायचं, याहून सोपा हिशेब मी बँकेतही पाहिलेला नाही.

हिने, म्हणजे मेव्हण्याच्या बहिणीने, यादीवरून नजर फिरवली. “अहो, एवढे पैसे घालून दिसण्यात फरक काहीच पडणार नाही?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“मग बसेन मी तिच्यात,” ती म्हणाली.

पैशांचा प्रश्न मात्र राहिला. पन्नास वर्षांपुढच्या वाहनाला कर्ज देण्याची तरतूद आमच्या परिपत्रकांत सापडेना. मेव्हण्याने तारण विचारलं, मी जीप म्हणालो. शाखाधिकाऱ्यांनी खिडकीतून तिच्याकडे एकवार पाहिलं आणि सोनं आणायला सांगितलं. सध्या हिच्या पाटल्या तिजोरीत आहेत आणि मिस्त्रींच्या भिंतीवर चारही ड्रम ओळीने टांगलेले आहेत. खडूने केलेलं माझं पंधरा टक्क्यांचं गणित त्यांच्या शेजारीच आहे. मिस्त्रींनी ते पुसलेलं नाही. नवीन चाकं घ्यायला येणाऱ्या पोरांना ते आधी भिंत दाखवतात.